पाचोळ्यांतील फुलकिडे व नव्या जातीचें नांव

अंबडचें नांव काढतांच परक्या मनुष्यास आज कारखाने आठवतात. परंतु त्याच अंबडांत, एखाद्या आंब्याखालीं सांचलेल्या पाचोळ्यांत, केवढी वस्ती नांदत असते याची वार्ता फार थोड्यांस असते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें असाच ओंजळभर पाचोळा पांढऱ्या कागदावर झाडला, तेव्हां एक काळा, बारीक, शेपटाकडे निमुळता होत गेलेला किडा खालीं पडला. भिंगांतून त्याकडे पाहून तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "सर, हा आपल्या पुस्तकांत नाहीं. नवीनच जात असली पाहिजे. हिला आपल्या शाळेचें नांव देऊं या!" खरें सांगावयाचें तर क्षणभर आम्हांसहि मोह पडला. तो आवरून आम्हीं वर्गास जें सांगितलें, तेंच येथें विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं मांडीत आहों.

तो किडा फुलकिड्यांपैकीं होता. फुलकिडे हा शब्द नाशिककडील शेतकऱ्याच्या घरीं कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. कांद्याच्या पातीवर पांढुरके चट्टे पडले, किंवा द्राक्षाच्या मण्यांवर ओरखडे उठले, कीं त्यांचें नांव निघतेंच. बहुतेक फुलकिडे एक ते दोन मिलिमीटर लांबीचे असतात. त्यांचे पंख म्हणजे अरुंद काडी व तिच्या दोन्ही कडांस केसांची झालर. म्हणून हॅलिडे या शास्त्रज्ञानें १८३६ सालीं या गणास जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ 'झालरपंखी' असाच आहे. त्यांच्या मुखाची रचना तर फारच विलक्षण. इतर कीटकांस डावा व उजवा असे दोन जबडे असतात. फुलकिड्यांत केवळ डावाच वाढलेला असतो. जगांत यांच्या सहा हजारांवर जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. भारतांत सातशेंहून अधिक.

परंतु हे सर्व फुलांत राहत नाहींत, आणि सर्व पिकांचे वैरीहि नाहींत. कित्येक जाती वाळलेल्या पानांत व मेलेल्या फांद्यांवर राहून तेथील बुरशीवर उपजीविका करितात. त्यांतील एका मोठ्या उपकुळांतले किडे बुरशीचे बीजाणु सबंध गिळतात. म्हणून त्यांच्या मुखांतील शोषणनळी इतरांपेक्षां पुष्कळ रुंद असते. पोटाचा शेवटचा खंड नळीसारखा असणें, ही ते ज्या कुळांत मोडतात त्या कुळाची खूण. कांद्यावरील चोर व पाचोळ्यांतील हा गरीब मजूर यांस आपण एकाच नांवानें हांक मारितों. त्यांत मजुरावर अन्याय होतो.

आतां, अमुक किडा नव्या जातीचा हें ठरावें कसें? प्रथम नमुने गोळा करावे लागतात. बर्लेझे या इटालियन शास्त्रज्ञानें १९०५ सालीं यासाठीं एक साधें साधन सुचविलें. मोठ्या नरसाळ्यांत जाळीवर पाचोळा ठेवावा, वरून ऊब द्यावी, व खालीं मद्यार्काची बाटली ठेवावी. पाचोळा वरून सुकूं लागला म्हणजे किडे ओलाव्याच्या शोधांत खालीं सरकतात व बाटलींत पडतात. पुढें दाहक सोड्याच्या सौम्य द्रावांत किडा पारदर्शक करून, कॅनडा बाल्सममध्यें कांचपट्टीवर बसवितात. मग सूक्ष्मदर्शकाखालीं मोजमाप सुरू होतें : शृंगिकेचे खंड किती, डोक्याची लांबी रुंदीच्या किती पट, शेवटची नळी केवढी, अंगावरील मोठे केस टोंकास अणकुचीदार कीं बोथट. हीं मापें मिलिमीटराच्या हजाराव्या भागांत लिहावीं लागतात.

यापुढील पायरी सर्वांत अवघड, ती तुलनेची. पाचोळ्यांतील फुलकिडे येथें मोठा चकवा देतात. एकाच जातींत कांहीं पंखवाले तर कांहीं बिनपंखी निघतात. कांहीं नर धिप्पाड, जाड पुढल्या पायांचे, तर कांहीं लहानखुरे व मादीसारखे दिसणारे. अशा एका जातीच्या दोन रूपांस दोन निराळ्या जाती समजून दोन नांवें दिल्याचीं उदाहरणें शास्त्रांत पुष्कळ आहेत. म्हणून एका नमुन्यावर विसंबून चालत नाहीं. शिवाय नांवांचा हिशेब लिनीअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरला जातो, आणि एका जातीस दोन नांवें पडलीं तर सामान्यतः आधींचें टिकतें. तेव्हां जुनें सर्व लिखाण चाळल्यावांचून 'नवें' हा शब्द उच्चारतां येत नाहीं. आपल्या देशांत मद्रासच्या लॉयोला कॉलेजांत अध्यापन केलेले प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांनीं या किड्यांच्या अभ्यासांत जन्म वेंचला. त्यांचा व सेन यांचा भारतीय फुलकिड्यांवरील ग्रंथ भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेनें १९८० सालीं प्रसिद्ध केला.

इतकें करूनहि जात नवी ठरली, तर तिचें वर्णन छापावें लागतें व एक आद्य नमुना नेमावा लागतो. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीच्या नांवास तर अशा नेमणुकीवांचून मान्यता नाहीं. पुढें शंका निघाली तर त्याच नमुन्याची साक्ष काढितात. आणि नांव घाईनें देऊं नये, कारण तें सहसा परत घेतां येत नाहीं. आपल्या कांद्यावरील फुलकिड्याचें उदाहरण घ्या. लिंडेमान यानें १८८९ सालीं त्याच्या शास्त्रीय नांवांत तंबाखूचा उल्लेख केला. आज आपण त्यास कांद्याचा शत्रु म्हणून ओळखतों, तरी नांव तंबाखूचेंच राहिलें आहे.

आपल्या भाषेंत 'नांव देणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत मोठें अंतर आहे. न पाहतां नांवें ठेवितां येतात. नांव देण्यास मात्र पाहावेंच लागतें. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत देवानें प्राणी आदामापुढें आणिले, व मग त्यानें त्यांस नांवें दिलीं. आधीं पाहणें, मग बोलणें, हा क्रम किड्यांविषयीं खरा आहे; शेजाऱ्यांविषयीं तर अधिकच खरा आहे.

आम्हीं त्या किड्यास नांव दिलें नाहीं. त्या विद्यार्थ्याचा चेहरा थोडा उतरला, हें लपवीत नाहीं. परंतु त्यानेंच आपल्या सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहून बाटलींत घातली : अंबड, नाशिक; आंब्याखालील पाचोळा; तारीख; गोळा करणाराचें नांव. अशा चिठ्ठीवांचून उत्तम नमुनाहि तज्ज्ञाच्या उपयोगीं पडत नाहीं. पुण्यास आकुर्डी येथें प्राणिसर्वेक्षण संस्थेचें केंद्र आहे. अधिक नमुने जमले म्हणजे तेथें विचारणा करावयाचा आमचा मानस आहे.

पालकांस एकच विनंती. अंगण झाडल्यावर पाचोळ्याच्या ढिगास काडी लावण्यापूर्वीं, निदान एका झाडाखालचा पाचोळा तसाच राहूं द्या. ज्यांचीं नांवें अद्याप कोणीं लिहिलीं नाहींत असेहि रहिवासी त्यांत असतील. ते जळून गेल्यावर तीं लिहितां यावयाचीं नाहींत.