लशीनंतरची उदासी, आजारातली असंबद्ध बडबड

इंग्लंडमधून भारतात जायचं म्हणून टायफॉइडची लस घेतली. ताप नाही, कणकण नाही, पण संध्याकाळभर उगाच खिन्न वाटलं, कुणाशी बोलू नये असं झालं. असा अनुभव आला असेल तर ते मनाचे खेळ नव्हेत. नील हॅरिसन, ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्येच १६ निरोगी पुरुषांवर हे तपासलं. लशीनंतर काही तासांत रक्तातलं इंटरल्यूकिन-६ वाढलं आणि मन उतरलं. नुसतं सलाइन टोचल्यावर तसं झालं नाही. २००९ सालचा हा अभ्यास. अशी उदासी लवकर सरते, तेव्हा तेवढ्यासाठी लस चुकवू नका.

इंटरल्यूकिन हे रोगप्रतिकारक पेशींचे निरोप. मेंदूत त्यांना थेट शिरकाव फारसा नसतो. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर त्यांचे रिसेप्टर असतात. इंटरल्यूकिन-१ तिथे चिकटलं की अस्तराच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन तयार करतात, ते हायपोथॅलॅमसला पोचतं आणि ताप चढतो. व्हेगस नसेवाटेही खबर जाते. मग भूक मरते, झापड येते, माणसं नकोशी होतात. तापातल्या मुलामागे ताट घेऊन धावण्यात अर्थ नाही. पाणी, पेज घोटघोट देत राहा.

म्हातारपणी मात्र हेच निरोप मेंदूला झेपत नाहीत. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग होतो, ताप जेमतेम असतो आणि आजी लेस्टरच्या घरात बसून साताऱ्याच्या वाड्यातल्या माणसांना हाका मारते. किंवा नुसती गप्प पडून राहते. हे तर जास्त नजरेआड होतं. ‘वय झालंय’ म्हणून सोडू नका. अचानक आलेला असा गोंधळ म्हणजे डिलिरियम. तो दिसला की ९९९ला फोन करा किंवा ए अँड ई गाठा.

तिथे बहुधा एडिंबरात तयार झालेली ‘४एटी’ चाचणी घेतात. वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल विचारतात; मग डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावतात. चैत्र-वैशाख मोजणारी आजी एरवीही तिथे अडखळेल! दुभाषा मागा, आणि ‘परवापर्यंत ही व्यवस्थित बोलत होती’ हे स्पष्ट सांगा. अचानक बदल झाल्याच्या एकट्या माहितीला चार गुण आहेत, आणि डिलिरियमची शंका घ्यायला तेवढे पुरतात. चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत न्या. औषधांची यादीही न्या, भारतातून आणलेल्या गोळ्यांसकट.