गाडीतील जीपीएस यंत्र : चार्जिंग व नवा नकाशा

आपल्या पिकअपच्या काचेवरील जीपीएस यंत्रात नकाशा साठवलेला असतो, म्हणून मोबाईलची रेंज नसली तरी ते वाट दाखवते. मात्र नकाशा जुना असेल तर नवा रस्ता त्याला ठाऊक नसतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यापूर्वीचा नकाशा नाशिककडून वाशीला निघालेला भाजीपाला कसारा घाटानेच नेईल.

नवा नकाशा भरण्यासाठी यंत्र संगणकाला जोडावे लागते. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात, त्या येथे चालत नाहीत. प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करावी. नकाशा उतरत असताना वीज गेल्यास यंत्र पुन्हा सुरूच न होण्याचा धोका असतो. भारनियमनाची वेळ टाळावी; लॅपटॉप मिळाल्यास उत्तम.

गाडीत यंत्रासोबत आलेलाच चार्जर वापरावा. तो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, तेव्हा चार्जरवर '१२-२४ व्होल्ट' छापलेले पाहूनच तो लावावा. गाडी उन्हात उभी करताना यंत्र काचेवरून काढून घ्यावे. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही.