लाल फुलीच्या मागे काय आहे ते बघ

चि. सोनू हिस,


तुझा मेसेज आणि स्क्रीनचा फोटो मिळाला. डायनॅमिक वेब प्रोजेक्ट तयार केलास, पहिलं सर्व्हलेट लिहिलंस आणि ते चालवायच्या आधीच एक्लिप्सने लाल फुल्यांची रांग उभी केली. "आता एक्लिप्स आणि जावा काढून टाकते आणि सगळं नव्याने टाकते," असं तू लिहिलं आहेस. कृपा करून तसं करू नकोस. त्यात तुझी अख्खी दुपार जाईल. समजा त्यानंतर चाललंच, तरी ते कशामुळे चाललं हे तुला कळणार नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तीच फुली पुन्हा समोर येईल. घरातली वीज गेली की आपण आधी शेजारी दिवे आहेत का ते बघतो, मग एमसीबी बघतो. वायरिंग उखडायला कुणी घेत नाही. इथेही तसंच कर.

सगळ्यात आधी तक्रार कोण करतंय ते ओळख. तुझ्या एकाच स्क्रीनवर तीन-चार जण बोलत असतात. एडिटरमधली लाल रेघ एक्लिप्सच्या स्वतःच्या कंपायलरची असते, तो जेडीकेच्या जावासीपेक्षा वेगळा आहे. कन्सोलवर धावणाऱ्या ओळी टॉमकॅटच्या. पांढऱ्या पानावरचा ४०४ हासुद्धा टॉमकॅटचाच निरोप, ब्राउझर तो फक्त दाखवतो. म्हणजे ४०४ दिसला तर सर्व्हर निदान जागा आहे. तो बंदच असता तर ब्राउझरने "कनेक्शन नाकारलं" असं सांगितलं असतं. एवढा फरक नीट बघितलास तरी निम्मा शोध संपतो.

आता तुझी फुली. तिच्यावर लिहिलंय की एचटीटीपीसर्व्हलेट हा सुपरक्लास जावा बिल्ड पाथवर सापडला नाही. हे वाक्य अगदी खरं बोलतंय. तो क्लास जेडीकेमध्ये नसतोच. स्ट्रिंग, लिस्ट, फाइल हे सगळं जावाबरोबर येतं. सर्व्हलेटचे क्लास मात्र सर्व्हर पुरवतो, आणि टॉमकॅटच्या लिब फोल्डरात सर्व्हलेट-एपीआय नावाची जार असते तिच्यात ते असतात. प्रोजेक्ट तयार करताना पहिल्याच पानावर "टार्गेट रनटाइम" विचारतात. तिथे तू "नन" तसंच ठेवलं असणार, म्हणून एक्लिप्सला ती जार कुठून घ्यायची ते माहीत नाही. प्रोजेक्टवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटेड रनटाइम्स, तिथे टॉमकॅटसमोर टिक. यादी रिकामी असेल तर विंडो, प्रेफरन्सेस, सर्व्हर, रनटाइम एन्व्हायरन्मेंट्स इथे जाऊन टॉमकॅटचं फोल्डर दाखव.

पण थांब. एवढं करूनही तुझी फुली जाणार नाही. तुझ्या फोटोत खाली सर्व्हर्सच्या टॅबमध्ये टॉमकॅट १०.१ दिसतोय आणि वर कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी जावाएक्सने सुरू होतात. या दोघांचं जमत नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. जावा हे नाव मात्र ओरॅकलचा ट्रेडमार्क, म्हणून २०१८ मध्ये नाव जकार्ता ईई झालं. पुढे जावाएक्स या नावाखालच्या पॅकेजांमध्ये नवे बदल करायची मुभा मिळेना, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ ने पॅकेजांची नावंच बदलली. टॉमकॅट ९ पर्यंत जावाएक्स.सर्व्हलेट, १० पासून जकार्ता.सर्व्हलेट. तू ज्या पुस्तकावरून कोड लिहिलास ते त्याआधीचं, टॉमकॅट त्यानंतरचा. जावाला हे दोन पूर्णपणे वेगळे क्लास वाटतात, शेवटचं नाव कितीही सारखं असलं तरी.

तुझ्या मैत्रिणीने सुचवलेला उपाय मला अजिबात पसंत नाही. इंटरनेटवरून जुनी सर्व्हलेट-एपीआय जार उतरवायची आणि वेब-इन्फच्या लिब फोल्डरात टाकायची. लाल रेघ जाईल, हे खरं. कंपायलरला हवा तो क्लास मिळाला, तो गप्प बसला. टॉमकॅटही विनातक्रार सुरू होईल. आणि मग तुझ्या सर्व्हलेटच्या पत्त्यावर गेलीस की ४०४. कन्सोलवर तक्रारीचं एक अक्षर नाही. कारण टॉमकॅट १० सुरू होताना जकार्ताचं वेबसर्व्हलेट ॲनोटेशन शोधत असतो. तुझ्या क्लासवर जावाएक्सचं आहे, त्यामुळे ते सर्व्हलेट आहे हेच त्याला समजत नाही. आधी निदान चुकीमागचं कारण समोर लिहिलेलं होतं, आता तेही गेलं. मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते: संदेश घालवणं आणि कारण घालवणं या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. सर्व्हलेटची जार आपल्या प्रोजेक्टबरोबर कधीच द्यायची नसते, ती सर्व्हरची. मेव्हन वापरायला लागलीस की पॉम फाइलमध्ये या डिपेन्डन्सीचा स्कोप "प्रोव्हायडेड" लिहितात, तो याचसाठी.

मग काय करायचं? स्वतःसाठी शिकत असतीस तर मी म्हटलं असतं, इम्पोर्ट बदल, जकार्ता लिही, पुढचं जग तेच आहे. पण तुमच्या लॅबमध्ये जावा ८ आहे असं तूच सांगितलंस. टॉमकॅट १०.१ ला किमान जावा ११ लागतो आणि टॉमकॅट ११ ला १७. म्हणजे लॅबमध्ये टॉमकॅट ९ हाच सोयीचा पर्याय, आणि प्रॅक्टिकलची परीक्षा तिथेच होणार. तेव्हा लॅपटॉपवरही ९ घे. आताचा प्रोजेक्ट दुरुस्त करत बसू नकोस. त्याचं वेब मॉड्यूल ५ किंवा ६ व्हर्जनचं झालं असेल तर टॉमकॅट ९ त्याला घेणारच नाही, तो ४.० पर्यंतच जातो. नवीन प्रोजेक्ट कर, टार्गेट रनटाइम टॉमकॅट ९ निवड, मॉड्यूल व्हर्जन ४.० ठेव, शेवटच्या पानावर वेब.एक्सएमएल तयार करायची टिक दे आणि फक्त जावाच्या फाइली उचलून त्यात टाक.

तुझ्या लॅपटॉपवर जावा २१ आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. घरी कंपाइल केलेली वॉर फाइल पेनड्राइव्हवर नेऊन लॅबमध्ये लावलीस तर "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन" म्हणून एरर येईल आणि त्यात ६५ आणि ५२ हे आकडे असतील. मुलं हे आकडे बघून गांगरतात. खरं तर एवढं सरळ बोलणारी एरर विरळाच. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. फाइल २१ साठी बनवली, चालवणारा ८ चा आहे. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जावा कंपायलर इथे कम्प्लायन्स लेव्हल १.८ कर, प्रोजेक्ट फॅसेट्समध्येही जावा १.८ कर, की झालं.

पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे असं आलं तर बहुतेक वेळा आधीचा टॉमकॅटच पाठीमागे चालू राहिलेला असतो. कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅटला एएनओ हा पर्याय देऊन ८०८० समोरचा शेवटचा आकडा बघ, टास्क मॅनेजरमध्ये त्या आकड्याची प्रोसेस कोणती ते शोध, मगच बंद कर.

एक्लिप्समधून टॉमकॅट चालवतेस तेव्हा नुसत्या लोकलहोस्ट ८०८० वर गेलं तरी ४०४ येतो. टॉमकॅटचं मांजराचं चित्र असलेलं पान दिसत नाही म्हणून सर्व्हर बिघडला असं समजू नकोस. एक्लिप्स टॉमकॅटच्या मूळ वेबॲप्स फोल्डरातून काही चालवत नाही. वर्कस्पेसच्या मेटाडेटा फोल्डरात तो स्वतःची वेगळी जागा करतो, लॉगसुद्धा तिथेच पडतात. पत्त्यात प्रोजेक्टचं नाव आणि त्यापुढे सर्व्हलेटचा मार्ग, दोन्ही लागतात, आणि अक्षरं लहान-मोठी जशी लिहिली असतील तशीच.

लाल अक्षरांचा लांबलचक ट्रेस आला तर वरची ओळ वाचून सोडू नकोस. खाली उतरत जा, "कॉज्ड बाय" असं जिथे जिथे लिहिलंय तिथे थांब, आणि सगळ्यात शेवटचं "कॉज्ड बाय" नीट वाच. मूळ दुखणं बहुधा तिथे असतं. वरचं सगळं म्हणजे त्या दुखण्याची एकाने दुसऱ्याला दिलेली खबर. आणि एका वेळी एकच बदल कर. एक सेटिंग बदल, प्रोजेक्ट क्लीन कर, सर्व्हर पुन्हा सुरू कर, काय झालं ते वहीत लिही. बदलून उपयोग झाला नाही तर ते सेटिंग आधी होतं तसं कर, मगच पुढचं. यात वेळ लागतो असं वाटतं, पण तीन गोष्टी एकदम बदलून चाललं तर त्यातली कुठली खरी होती हे कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात तुम्ही मायएसक्यूएल जोडणार आहात. तेव्हा कंपायलर गप्प असेल आणि प्रोजेक्ट चालवल्यावर ड्रायव्हरचा क्लास सापडला नाही असं येईल. या वेळी गोष्ट उलटी आहे: कनेक्टरची जार टॉमकॅट देत नाही, ती आपण द्यायची. नुसती बिल्ड पाथमध्ये जोडून चालत नाही, वेब-इन्फच्या लिबमध्येच हवी. तरीही अडलं तर फोटो पाठवू नकोस, सगळा मजकूर कॉपी करून मेल कर, सोबत जावा, टॉमकॅट आणि एक्लिप्सची व्हर्जन लिही. रात्री दहानंतर मी मोकळी असते.

तुझी,
मावशी