गांजा, स्मृती आणि तरुण टाळकरी

गळ्यात तुळशीची माळ आली की दारू-मांस सुटले, हे घरोघरी ठाऊक आहे. गांजाचे नाव मात्र आपण चारचौघांत काढीत नाही. ‘महादेवाचा प्रसाद’ म्हणून पोरं चिलीम हाती घेतात आणि आपण काणाडोळा करतो.

आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हे पीक नवे नाही. 1893-94 साली इंग्रज सरकारच्या कमिशनने भांग-गांजाची चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्यात गांजा पिकविणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांत नगर होते. 1985 च्या कायद्याने गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवून देहात काय घडते ते पाहू.

1992 साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना मेंदूत मुळातच असणारा एक पदार्थ सापडला. संस्कृतातला ‘आनंद’ शब्द घेऊन त्याला त्यांनी आनंदामाइड असे नाव दिले. तो हवा तेव्हा, हवा तेवढाच उत्पन्न होतो आणि लगेच विरतो. गांजातले टीएचसी त्याच्याच जागा अडवते, पण सगळीकडे एकदम आणि पुष्कळ वेळ. देवघरातली समई आणि कडब्याच्या गंजीला लागलेली आग, दोन्ही अग्नीच!

या जागा स्मरणाच्या व विवेकाच्या भागांत दाट आहेत. विवेकाचा भाग पिकायला पंचविशी उजाडते. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून रोज ओढणाऱ्याचे काय? कच्च्या मडक्यावरच घाव! स्वीडनमध्ये पंचेचाळीस हजारांवर तरुण सैनिकांची पाहणी 1987 साली प्रसिद्ध झाली. पन्नासांहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे सहापट दिसले. प्रत्येकाला तो रोग होतो असे नव्हे. पण घराण्यात तसा आजार असेल तर धोका अधिक.

कुणी म्हणेल, ‘बुवा, झुरका मारला की भजनात मन लागतं.’ लागल्यासारखे वाटते खरे. पण दुसऱ्या दिवशी धृपद धरताना पुढचा चरण आठवत नाही, त्याचे काय? स्मृती ढळली की बुद्धी जाते, हा क्रम गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलाच आहे. ज्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी अवतरली, तिथल्या मुलाने पाठांतराची शक्ती धुरात घालवावी?

मात्र निराश होऊ नये. अमेरिकेतील बोस्टन येथील 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 16 ते 25 वयाच्या तरुणांनी महिनाभर गांजा सोडला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवे लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारलेली दिसली. सोडताना थोडे दिवस झोप उडते, चिडचिड होते. ती सोसावी, पुढे ती ओसरते.

तेव्हा असा मुलगा दिंडीत असेल तर त्याला हाकलू नका, टाळ देऊन जवळ उभा करा. तो उगाच संशय घेऊ लागला, नसलेले आवाज ऐकू लागला, तर अंगारे-धुपारे करीत न बसता जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे न्या. 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. आम्हां वारकऱ्यांना नामाची गोडी पुरेशी आहे; ती चाखायला शुद्ध तेवढी शाबूत हवी.

रामकृष्णहरि.