वीरांगनेचा वेष

चित्रकथेतील वीरांगना भिंत ओलांडते, पुरात उडी घेते. तिला वेष कोणता द्यावा? १९४१ साली अमेरिकेत अवतरलेल्या ‘वंडर वूमन’ हिच्या तोकड्या वेषात हातपाय उघडेच राहिले. शस्त्राच्या घावापासून त्यांना संरक्षण कोठले? आपली नऊवारी पाहा. कासोटा मागे खोचला की पाय मोकळे होतात. पदर कमरेला बांधला की हातही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुंबईतील स्त्रिया नऊवारी नेसून मोटारसायकलही चालवितात. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी तर जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या अखेरच्या लढाईत घोडेस्वाराचा वेष धारण केला होता. चित्रकारानेही वीरांगनेला शोभेची बाहुली करू नये. कार्याला साजेसा वेष द्यावा. त्यातच तिचा मान आहे.

स्वाध्याय : पुरातून मुलांना वाचविणाऱ्या वीरांगनेसाठी तुम्ही कोणता वेष योजाल? सकारण लिहा.