डोंगर, दऱ्या आणि साबण

रसायनशास्त्राच्या पुस्तकात अधूनमधून डोंगररांगेसारखी एक वक्ररेषा आढळते. तिला ऊर्जा-आलेख म्हणतात. कलाशाखेच्या वाचकाने ती पाहून पान उलटू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

उभ्या अक्षावर ऊर्जा असते, आडव्या अक्षावर क्रियेची प्रगती. आडवा अक्ष म्हणजे वेळ नव्हे, ही खूणगाठ प्रथम बांधावी. डाव्या टोकाला मूळ पदार्थ, उजव्या टोकाला तयार झालेले पदार्थ. उजवे टोक खाली असेल तर क्रियेत ऊर्जा बाहेर पडते. क्रियेचा वेग मात्र या फरकावरून कळत नाही. तो मधली चढण ठरवते.

साबणाचेच उदाहरण घेऊ. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण व ग्लिसरीन मिळते. तेलाच्या रेणूत ईस्टर नावाचे तीन जोड असतात. त्यांतला एकेक जोड तीन पायऱ्यांनी तुटतो. प्रथम हायड्रॉक्साइड जोडातील कार्बनला येऊन चिकटतो. मग जुना दुवा सुटतो. शेवटी एक प्रोटॉन इकडून तिकडे जातो. म्हणून आलेखात तीन शिखरे आणि त्यांच्यामध्ये दोन दऱ्या. सामान्यतः पहिले शिखर सर्वांत उंच, आणि साऱ्या क्रियेचा वेग त्याच्याच हाती. तिसरे अगदी ठेंगणे. पण त्यापलीकडची उतरण इतकी खोल, की त्या द्रावणात साबणाचे पुन्हा तेल होत नाही.

शिखर आणि दरी यांतला भेद हा या विषयाचा गाभा. शिखर म्हणजे संक्रमण अवस्था : एक बंध अर्धवट जुळलेला किंवा अर्धवट तुटलेला. तेथे मुक्काम नाही. दरी म्हणजे मध्यस्थ पदार्थ. तो अल्पायुषी असला तरी खरा रेणू असतो.

विद्यार्थिदशेत मला प्रश्न पडे, जो बाटलीत भरता येत नाही तो असतो हे कशावरून? ईस्टरबाबत याचे उत्तर अमेरिकन रसायनज्ञ मायरन बेंडर यांनी १९५१ साली दिले. त्यांनी ईस्टरमध्ये १८ वस्तुमानाचा जड ऑक्सिजन बसवला, क्रिया मध्येच थांबवली आणि न तुटलेला ईस्टर तपासला. त्यातील काही जड ऑक्सिजन नाहीसा झाला होता! म्हणजे काही रेणू पहिले शिखर ओलांडून दरीत उतरले, तेथे ऑक्सिजनची अदलाबदल झाली आणि ते आल्या वाटेने परतले. मध्ये दरीच नसती, तर ही अदलाबदल कोठे झाली असती?

आता उत्प्रेरकाविषयी. आम्हां माहीमकरांना तो समजायला कॉजवे पुरेसा आहे. पूर्वी वांद्र्याला जायचे तर खाडी होडीने ओलांडावी लागे. १८४५ साली लेडी जमशेटजींच्या देणगीतून कॉजवे झाला. माहीम जागचे हलले नाही, वांद्रेही हलले नाही. मधली वाट तेवढी सुकर झाली. जेवणातील तेलाचे ईस्टर-जोड पाण्याच्या साहाय्याने तोडणारे लायपेज हे पाचकद्रव्य आपल्या पोटात हेच करते. दोन्ही टोके तीच, चढण कमी.

असा आलेख पुढे आला की शिखरे मोजावीत, म्हणजे पायऱ्या कळतात. सर्वांत उंच शिखर पाहावे, म्हणजे क्रिया कोठे अडते ते कळते. आणि प्रत्येक दरीपाशी थांबून विचारावे : ही येथे आहे, याला पुरावा काय? रेषा कोणालाही काढता येते. बेंडर यांच्यासारखा पुरावा मिळाला की मगच तिला शास्त्र म्हणावे.