आधी रुळाचे माप पाहावे

प्रश्न : आमच्या जिनिंग कारखान्याच्या हिशेबाची जुनी जावा प्रणाली टॉमकॅट ९ वर उत्तम चाले, नव्या यंत्रावर टॉमकॅट १० घातले, तर ती सुरूच होईना. कोणता ॲप्लिकेशन सर्व्हर घ्यावा? — एक वाचक, खामगाव

उत्तर : जलंबहून खामगावास येणारी गाडी मोठ्या रुळाची आहे आणि मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे अरुंद रुळाची होती, त्यामुळे एकीचा डबा, तो कितीही सुबक असो, दुसरीच्या मार्गावर चढावयाचा नाही, हे वऱ्हाडात कोणास सांगावयास नको, आपला मामला नेमका तोच आहे. जावाच्या 'जावा ईई' या शाखेचा कारभार ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर, नाममुद्रेच्या हक्कापायी, संहितेतील 'जावॅक्स' हे नामाभिधान २०२० साली 'जकार्ता' असे पालटले, आणि टॉमकॅट १० हे नवेच नाव ओळखते. सबब तूर्त ९ वरच राहावे. अथवा १० मधील 'वेबॲप्स-जावाईई' या फोल्डरात जुनी वॉर फाइल ठेवून पाहावी, म्हणजे नामांतर आपोआप होते. मात्र ही तजवीज नकलेवर करावी, चालू दप्तरावर नव्हे. वेबलॉजिकसारख्या भारी परवान्याची शिफारस कोणी केलीच, तर ईजेबीची (एंटरप्राइझ जावाबीन्सची) गरज कोठे आहे, एवढे विचारावे. टॉमकॅटमध्ये मुळात ईजेबी नाही, तेव्हा जी प्रणाली केवळ टॉमकॅटवर चालत आली, तिला ती बहुधा नसतेच.